कोलगेट मोठे १

मिरजेचं घर मोकळं करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आईच्या किराणामालाच्या वह्या निघाल्या. एकूण अकरा. शंभर पानी, एकरेघी, कडा झुरळांनी खाल्लेल्या. भाऊ म्हणाला, रद्दीत जाऊ देत. मी त्या एका जुन्या ओढणीत बांधून डोंबिवलीला घेऊन आले आणि गेले दोन महिने रात्रीची झाकपाक झाली की एकेक पान वाचत बसते. नवरा चेष्टा करतो, "कुठवर आली कादंबरी?" कादंबरीत हिशेब इतका चोख लागत नाही, एवढंच मी त्याला सांगते.

आई यादी दोनदा लिहायची. एकदा पाठकोऱ्या कागदावर, अण्णांच्या दुकानात द्यायला. दुसऱ्यांदा वहीत, अण्णांनी लावलेला भाव समोर मांडायला. अण्णा म्हणजे आमचे वाणी. गल्लीच्या तोंडाशी दुकान, आईला ते 'वहिनी' म्हणायचे. एक तारखेला बाबांचा पगार, दोन तारखेला अण्णांची बाकी, तीन तारखेला नवी यादी. हे चक्र वह्यांमधून सतरा वर्षं फिरताना दिसतं, मध्ये कुठे एखादं बारसं किंवा बाबांचं आजारपण आलं की पान जरा लांबतं किंवा आखडतं.

ऑक्टोबर १९८४चं पान दिवाळीचं आहे. तूरडाळ ५ किलो, हरभराडाळ ३, पातळ पोहे, बारीक रवा, साखर (रेशनची सोडून) ४, गूळ, खोबरं, शेंगदाणे, धणे, जिरे. मग एक रेघ. रेघेखाली: डालडा २ किलोचा डबा १. कोलगेट मोठे १. हमाम ४. मोती २. ५०१ बार १. सर्फ लहान १. निरमा १ किलो. ग्लुको ६ पुडे.

हे पान मी बरेच दिवस नुसतंच वाचत होते. एका रात्री त्या रेघेवर नजर अडकली. आईने ती कशासाठी मारली असेल? खाण्याचं वर आणि बाकीचं खाली, असं म्हणावं तर डालडा आणि ग्लुको बिस्किटं खाली कशी? पुढची-मागची पानं चाळली. प्रत्येक पानावर रेघ तिथेच. आणि रेघेच्या वर एकाही वस्तूला नाव नाही. तूरडाळ म्हणजे तूरडाळ. कुणाची, कुठल्या कंपनीची, काही नाही. रेघेखाली मात्र वस्तू गायब आणि नुसती नावं. साबण असं ती लिहितच नाही, हमाम लिहिते. दात घासायचं काही हवं असं नाही, कोलगेट हवं.

आईला विचारलं. ती आता माझ्याकडेच असते, ८३ वर्षांची आहे. चष्मा लावून तिने ते पान लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "वरचं बघून घ्यायचं. खालचं नाव सांगून." आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

हे 'बघून घेणं' मी लहानपणी पुष्कळ पाहिलंय. यादी दिली तरी पहिल्या खेपेला आई स्वतः दुकानात जायची. अण्णा पोत्यात हात घालून मूठभर तूरडाळ कागदावर टाकायचे. आई ती आधी पसरायची. रंग एकसारखा आहे का, खडे किती, आणि मुख्य म्हणजे लाखेची डाळ मिसळली आहे का. लाखेच्या डाळीचा दाणा एका बाजूने उतरता, चौकटीसारखा असतो, तुरीचा गोलसर. मग दोन दाणे तळव्यावर घेऊन अंगठ्याने चोळायचे. अंगठ्याला तुकतुकी आली तर डाळीला तेल लावलंय. तेलाची डाळ चकाकते, तिला कीड पटकन लागत नाही, पण आईला ती चालत नसे. शेवटी एक दाणा दाढेखाली. कटकन तुटला पाहिजे. दबला तर ओल धरलेली. आणि तुटूनही तोंडात कोरडी, जुनाट चव आली तर गेल्या साली पिकलेली, शिजायला तासभर घेणार. हे सगळं होईपर्यंत अण्णा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा गूळ फोडत असायचे. त्यांनाही त्यात अपमान वाटत नसे. एखाद्या वेळी तेच म्हणायचे, "वहिनी, ही राहू दे, शनिवारी लातूरची येतीय."

कोलगेटच्या नळीत काय आहे ते मात्र आई कसं चोळून बघणार? डालड्याच्या डब्याला झाकण आणि सील. सर्फची पूड कुठल्याही पुडीसारखी पूड. रेघेखालच्या वस्तूंपाशी आईची पारख थांबत होती, आणि जिथे ती थांबत होती तिथे तिने एक नाव नेमून ठेवलं होतं. एकदा नेमलं की विषय संपला. पुढची सतरा वर्षं त्या नावावर तिने पुन्हा विचार केलेला वह्यांमध्ये दिसत नाही. हमाम चार. हमाम चार. हमाम पाच (पाहुणे). हमाम चार.

ह्याला आता ब्रँड लॉयल्टी म्हणतात. मार्केटिंग शिकणारी भाचेसून परवा सांगत होती की ग्राहकाचं ब्रँडशी भावनिक नातं जडतं वगैरे. आईचं हमामशी भावनिक नातं होतं असं मला तरी आठवत नाही. तिचं भावनिक नातं असलंच तर सकाळी साडेनऊच्या आत आमचे डबे भरण्याशी होतं. साबण ही विचार करण्याची गोष्ट उरू नये, एवढीच तिची त्यात अपेक्षा होती.

नाव एकदा वस्तूवर इतकं बसलं की वस्तूचं मूळ नावच खाली गेलं. डालडा १९३७ साली आला. आयात करणाऱ्या 'दादा' नावाच्या कंपनीच्या नावात लिव्हरचा 'ल' घुसवून हा शब्द तयार केला होता. आमच्याकडे 'वनस्पती तूप' हा शब्द फक्त सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात होता. स्वयंपाकघरात डालडाच, आणि तो संपला की पिवळ्या डब्यावरचं हिरवं ताडाचं झाड अंगणात तुळस किंवा कोरफड सांभाळत उभं राहायचं. कोलगेटचंही तेच. अण्णांच्या दुकानात मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय: "अण्णा, कोलगेट द्या." "कुठलं देऊ, विकोचं का फोरहॅन्सचं?" ह्यात कुणालाच काही विनोदी वाटत नव्हतं. आजही आपण झेरॉक्स काढतो, बिसलेरी कुठलीही पितो आणि पोराला 'दहाची कॅडबरी' म्हणून भलतंच चॉकलेट देतो. कंपन्यांना हा विजय वाटावा की पराभव, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

सर्फ आणि निरमा एकाच यादीत कसे, हे विचारू नका. सगळ्यांच्या घरी तसंच होतं. निरमा करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत १९६९ साली सुरू केला, मुलीच्या नावावरून, आणि सर्फच्या निम्म्याहूनही कमी किमतीत विकला. सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजींनी टीव्हीवर येऊन स्वस्त आणि चांगलं ह्यांतला फरक समजावला. आईने तो नीट ऐकून घेतला आणि दोन्ही डबे ठेवले. बाबांचे टेरिकॉटचे शर्ट आणि तिच्या दोन बऱ्या साड्या सर्फमध्ये. आमचे गणवेश, चादरी, पायपुसणी निरम्यात. त्याहून मळकं असेल ते ५०१च्या वडीने दगडावर. ती वडी आणली की आई दोऱ्याने कापून तिचे तुकडे करायची आणि वाळत ठेवायची, कारण वाळलेला साबण कमी झिजतो. एका घरात तीन निष्ठा, कपड्याच्या लायकीप्रमाणे वाटलेल्या.

मोतीची गोष्ट वेगळी. तो वर्षातून एकदाच यायचा. वसुबारसेच्या आसपास आई ट्रंकेतून दोन खोकी काढायची, एक गुलाब, एक चंदन, आणि आम्ही भावंडं ती खोकी न उघडता नुसती हुंगत बसायचो. साबण गोल. नरकचतुर्दशीला पहाटे अंधारात, उटण्याने आधीच बुळबुळीत झालेल्या हातांत तो धरणं म्हणजे कसरत. निसटला की थेट मोरीच्या तोंडाशी. मग कुडकुडत, डोळ्यांत उटणं, हाताने चाचपत शोधायचा, आणि बाहेरून आई ओरडतेय की फटाके पोरांनी उडवले पण सगळे. दिवाळी संपली की उरलेली वडी खोक्यात परत. मग पाहुण्यांना. मग कपड्यांच्या ट्रंकेत, वासासाठी. पुढच्या दिवाळीपर्यंत तिचा एक पापुद्रा उरायचा. मी आजही मोती आणते. रोज वापरायची कधी इच्छा झाली नाही. जूनमध्ये मोतीने अंघोळ केली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटेल.

बाबांची तऱ्हा निराळी. त्यांना वस्तू कोण बनवतो ह्यात रस. शिक्षक होते. मिरजेहून पुण्याला पॅसेंजरने निघालो की खिडकीशी बसून ते कारखाने दाखवायचे. भिलवडी आलं की "चितळे". १९३९ साली इथे दुधाचा धंदा सुरू झाला, ते आम्हाला पाठ. किर्लोस्करवाडी आलं की लोखंडी नांगर. कऱ्हाड स्टेशन जिथे आहे ती ओगलेवाडी, म्हणजे प्रभाकर कंदील; आमच्या आजोबांनी त्याच्या उजेडात अभ्यास केलेला. तेवढ्या टप्प्यात बाबांची छाती हळूहळू फुगत जायची. कंपासपेटी घ्यायची तर कॅम्लिनचीच, कारण १९३१ साली दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईपासून धंदा उभा केला. 'कॅमल' आणि 'इंक' मिळून कॅम्लिन, हेही त्यांनीच सांगितलेलं. माझ्या मैत्रिणीकडे परदेशातून आलेली, चुंबकाने बंद होणारी पेटी होती आणि मला ती पत्र्याची पिवळी-केशरी पेटी उघडताना लाज वाटायची. आता ती पेटी माझ्या शिवणाच्या सामानात आहे. २०११मध्ये जपानच्या कोकुयोने कॅम्लिनचा मोठा हिस्सा घेतला तेव्हा पेपरातली बातमी मी बाबांना फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कर्कटक फिरतंय ना नीट?"

माझं लग्न १९९३ साली झालं. त्याच वर्षी टाटा ऑइल मिल्स हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली, म्हणजे हमाम, मोती आणि ५०१ तिघंही एकदम सासरी गेले. थम्स अपसुद्धा त्याच साली कोका-कोलाकडे. हे मला अर्थातच तेव्हा ठाऊक नव्हतं, कितीतरी वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर हसू आलं. लग्नात माझं नाव बदललं, आडनाव बदललं, आत मी होते तीच राहिले. त्यांचं उलटं. नाव तेच, खोकं जवळपास तेच, घर मात्र दुसरं. आईच्या वहीत त्या वर्षीही कुठे खाडाखोड नाही. हमाम चार. साबण टाटांचा की लिव्हरचा, हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तिने भरवसा टाकला होता एका नावावर, आणि ते नाव विकत घेता येतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सासरी, डोंबिवलीत, रेघ फार वर होती. पहिल्या दिवशी जेवताना ताटात लोणचं वाढलं आणि शेजारी बरणी ठेवली, बेडेकरांची, लेबलासकट. मी बघतच राहिले. मिरजेला विकतचं लोणचं हे बाई आजारी असल्याचं लक्षण. आईला फोनवर सांगितलं तर ती हळू आवाजात म्हणाली, "सासूबाईंना बरं नाही का गं?" सासूबाई ठणठणीत होत्या. सकाळी ७.१२ची लोकल पकडून फोर्टात नोकरीला जात होत्या आणि बेडेकरांच्या बाबतीत त्यांचं मत असं की जे लोक गिरगावात १९१० सालापासून धंद्यात आहेत त्यांना आपण काय शिकवणार. कैरी फोडणं, तिखट-मोहरी, दादऱ्याचं फडकं, ह्या सगळ्याला त्यांच्या आयुष्यात जागा नव्हती आणि त्याची खंतही नव्हती. मला हळूहळू कळत गेलं की त्यांनी पारख सोडली नव्हती, एकदाच वापरून ठेवली होती. गोडा मसाला कुठला, पापड कुठले, चहा कुठला, सगळं लग्नानंतरच्या दोन-तीन वर्षांत पारखून ठरवलेलं, आणि मग तीस वर्षं त्या व्याजावर चाललेलं घर.

विकोचं मला त्या गावातच नव्याने कौतुक वाटलं, कारण कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली काढलेली कंपनी. त्यांची हळदीची क्रीम कॉस्मेटिक नाही, हे जाहिरातीत गाऊन सांगायचे ते आपल्याला चालीमुळे लक्षात राहिलं. त्यात गंमत अशी की हा मुद्दा कोर्टातही होता. कॉस्मेटिक ठरली तर उत्पादन शुल्क जास्त, आयुर्वेदिक औषध ठरली तर कमी. कंपनी आणि अबकारी खातं ह्यांचं वर्षानुवर्षं त्यावरून चाललं आणि कंपनी जिंकली. लग्नातल्या हळदीच्या रात्री माझ्या गालाला मावशीने हीच क्रीम लावली होती. तेव्हा मला ते सौंदर्यच वाटलं होतं, कोर्ट काही म्हणो.

चहावरून मात्र आमच्या घरात खरं युद्ध झालं. मिरजेला आमच्याकडे सुटा चहा. चहाच्या दुकानात जाऊन सांगायचं, दोन भाग दाणेदार, एक भाग बारीक; तो मालक लोखंडी पत्र्यावर मिसळून कागदात बांधून द्यायचा. डोंबिवलीत सोसायटी. नवऱ्याचं म्हणणं, आमच्याकडे पहिल्यापासून सोसायटीच, दुसरा चहा जिभेवर ठेवला की कळतो. मी माहेराहून आणलेली पुडी डब्याच्या मागे लपवून फक्त माझ्यापुरती वापरायची. ह्यावर वीस वर्षं टोमणे झाले. शेवटी लेक बारावीला असताना, एका पावसाळी रविवारी, तिने परीक्षा घेतली. चार स्टीलचे पेले, खाली चिकटपट्टीवर आकडे. दूध, साखर, आलं, सगळं मोजून सारखं. दोन पेल्यांत सोसायटी, एकात मिरजेचा, एकात कोपऱ्यावरच्या दुकानातला कुठलातरी. नवऱ्याने डोळे मिटून, मान तिरकी करून, एखाद्या गवयासारखे घोट घेतले. तिसरा पेला हातात धरून म्हणाला, "हा. हा आपला." तिसरा मिरजेचा होता. मी नाचायच्या बेतात होते तेवढ्यात लेकीने माझ्यापुढे पेले सरकवले, आणि मीही तिसरा सोडून दुसराच उचलला. सासूबाई खिडकीपाशी बसून हे बघत होत्या. म्हणाल्या, "चव आल्याची होती. चहा सोसायटीच आणा." आणि आम्ही सोसायटीच आणतो. मिरजेची पुडी त्या दिवसानंतर बंद झाली. हरल्यामुळे नाही, तिच्यासाठी भांडायला काही उरलं नाही म्हणून.

गोड्या मसाल्याचा अनुभव मात्र अजून पचलेला नाही. सासूबाईंनी नेमलेलं नाव, मी पुढे वीस वर्षं चालवलं. नाव घेत नाही. एका वर्षी आमटीला वासच येईना. पहिल्यांदा वाटलं माझा हात चुकला. मग चिंच बदलून बघितली, डाळ बदलली, फोडणी बदलली. शेवटी पाकीट फोडून बशीत ओतलं आणि आईला फोटो पाठवला. आईचं उत्तर, "दगडफूल दिसत नाही, धणे जास्त, रंग तिखटाचा." पाकिटावर दिलेल्या पत्त्यावर मी चक्क पत्र लिहिलं, दोन पानी. एक छापील उत्तर आलं की ग्राहकांच्या बदलत्या आवडीनुसार आम्ही सतत सुधारणा करत असतो. रागाने मी त्यानंतर काय केलं असेल? पुढची दोन वर्षं तोच मसाला आणला. दर महिन्याला शिव्या देत, दर महिन्याला वरून चिमूटभर दगडफूल आणि तमालपत्र भाजून घालत. दुकानात हात आपोआप त्याच फळीकडे जायचा. सवयीला वाईट म्हणणारे लोक बहुधा स्वतः रोज स्वयंपाक करत नाहीत.

लेकीची पिढी हे सगळं उलटं करते. अक्षरशः उलटं: कुठलंही पाकीट हातात घेतलं की आधी पालथं. पुढच्या बाजूला काय लिहिलंय ह्याच्याशी तिला कर्तव्य नाही. बिस्किटात पामतेल कितवं, साखर किती, हे ती इतक्या वेगाने वाचते की मला आईचा डाळ चोळणारा अंगठा आठवतो. परवा तिने न्हाणीघरातला माझा साबण आणला आणि विचारलं, "आई, तू ह्याला साबण म्हणतेस?" वीस वर्षं वापरलाय मी तो. तिने मला शिकवलं: साबणावर टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे त्यातल्या स्निग्धाम्लांचं प्रमाण. ७६ टक्के आणि वर असेल तर पहिली प्रत, ७०ला दुसरी, ६०ला तिसरी. आणि ज्याच्यावर 'बेदिंग बार' लिहिलंय तो ह्या प्रतवारीत बसतच नाही. माझ्या साबणावर, बारीक अक्षरांत, वडीच्या कडेला असलेल्या कागदावर, बेदिंग बार लिहिलं होतं. वीस वर्षं ते तिथे होतं का? की मधेच कधीतरी आलं? माझ्याकडे वही नाही, त्यामुळे सांगता येत नाही.

वजनांचंही तिनेच दाखवलं. पूर्वी बऱ्याच वस्तू ठरावीक वजनांतच विकायचं बंधन होतं. २०२२मध्ये ते गेलं आणि त्याऐवजी पाकिटावर ग्रॅममागे किती पैसे पडतात ते छापणं आलं. त्या आकड्याकडे बघणारी आमच्या घरात ती एकटी. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा पाच रुपयांनाच मिळतो म्हणून आपण खूश. आत बिस्किटं किती, ते पुडा दाबून बघितल्यावर कळतं. आईच्या १९८४च्या यादीत 'ग्लुको ६ पुडे' आहेत. आज तेवढ्याच बिस्किटांना किती पुडे लागतील, हे लेक कागदावर काढून दाखवणार होती, मी नको म्हटलं.

गेल्या आठवड्यात आईला घेऊन आम्ही डीमार्टला गेलो. आईला तिथे आवडतं, गार असतं आणि ढकलगाडीला धरून चालता येतं. डाळींच्या फळीशी ती थांबली. आम्ही सहा वर्षं जी पाकीटबंद तूरडाळ आणतो, चांगलं नाव, छान पिवळी, निवडावी लागत नाही, ते पाकीट तिने उचललं. बाहेरूनच अंगठ्याने चोळायला लागली. प्लास्टिक कुरकुरलं. तिने पाकीट उजेडात धरलं, हलवून आवाज ऐकला, मग फळीवरच्या गणवेशातल्या मुलाला विचारलं, "बाळा, जरा उघडून देतोस का? दोन दाणे बघायचेत." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी ओशाळून म्हटलं, "आई, असं उघडत नाहीत. बारकोड असतो." "मग घेतात कसं?" तिने विचारलं. हा प्रश्न खवचट नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर होतं ते इतकंच की नाव बघून घेतात. माझ्या घरात आता रेघ पानाच्या अगदी माथ्यावर गेली आहे, तूरडाळसुद्धा तिच्याखाली.

घरी आल्यावर पिशव्या रिकाम्या करायच्या आधी आईने ते पाकीट फोडलं. स्टीलच्या ताटलीत मूठभर डाळ पसरली, चष्मा कपाळावर सरकवला. लेक मोबाइल बाजूला ठेवून जवळ येऊन बसली. आईने दाणे पसरले, एक उचलून पालथा केला, अंगठ्याने चोळला. मग दाणा दाढेखाली ठेवला. तिच्या आता तीनच दाढा उरल्यात, त्यातली एक डावीकडची कामाची. कट्. आम्ही दोघी वाट बघत होतो.

"जुनी आहे," ती म्हणाली.

लेकीने पाकीट पालथं केलं, पॅकिंगची तारीख वाचली. दोनच महिन्यांपूर्वीची. आईने मान हलवली. "पाकीट नवं असंल. डाळ जुनी."

मग दोघींची जुंपली. तारीख डाळीची असते की पिशवीची, ह्यावरून. लेकीने आजीच्या तोंडून डाळ जुनी कशी ओळखायची ते सगळं काढून घेतलं, स्वतः चार दाणे चावले, चौथ्याला म्हणाली, "हं, कोरडं लागतंय." मला वाटतं तिने ते आजीला बरं वाटावं म्हणून म्हटलं असावं. पण नक्की नाही सांगता येत.

काल महिन्याची यादी करायला बसले. आता यादी म्हणजे मोबाइलवरचं ॲप. उघडलं की गेल्या महिन्याचं सगळं सामान ते आपणहून मांडून ठेवतं आणि खाली बटण असतं, पुन्हा मागवा. तीच डाळ, पाच किलो, सगळ्यात वर. मी बोट थांबवून आईला हाक मारली. "आई, डाळ तीच मागवू का दुसरी बघू?"

ती आतून म्हणाली, "तीच मागव. तासभर आधी भिजत घालायची."